मिनिटाला अठरा श्वास

चौदा दिवसांत यंत्रणेने एकदाही इशारा दिला नव्हता, आणि अधिष्ठात्यांच्या मते ही आनंदाची बातमी होती.

"बघा, कसा शांत वॉर्ड आहे," ते म्हणाले. "गुरुवारी समितीला आत आणायचं आणि आपण काही बोलायचंच नाही. बघू देत त्यांना."

मंगळवारची सकाळ होती. नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, आठ खाटांच्या प्रात्यक्षिक वॉर्डात आम्ही उभे होतो. दारांच्या मुठींवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं आणि भिंतींना रंगाचा वास होता; खाटा मात्र भरलेल्या होत्या. शेजारच्या जुन्या रुग्णालयातले शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, त्यांची संमती घेऊन, दोन आठवड्यांपासून इथे ठेवले जात होते. प्रत्येक गादीखाली संवेदकांची पातळ पट्टी, प्रत्येक मनगटावर पट्टा आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्यावर आठ चौकोन. यंत्रणा दर मिनिटाला प्रत्येकाची नाडी, तापमान, श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन नोंदत होती. एखाद्याची प्रकृती ढासळणार असेल तर काही तास आधीच त्याचा चौकोन लाल होईल, असा दावा होता. आठही चौकोन हिरवे होते. चौदा दिवस हिरवेच होते.

विद्यापीठाला एकाच छपराखाली वैद्यकीय आणि नर्सिंग अशी दोन महाविद्यालयं काढायची होती आणि 'स्मार्ट आरोग्यसेवा' हे त्यांचं वैशिष्ट्य असणार होतं. परवानगी देणाऱ्या समितीला तीन प्रमाणपत्रं लागत होती: इमारतीचं, अध्यापकांचं आणि या यंत्रणेचं. पहिली दोन तयार होती. तिसऱ्यावर सही करणारी व्यक्ती मी. मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवते.

अधिष्ठाता हाताने उत्तम शल्यचिकित्सक आणि स्वभावाने आशावादी होते. इमारतीतल्या प्रत्येक रिकाम्या खोलीवर त्यांनी 'येथे लवकरच' अशी सुरुवात असलेली पाटी लावली होती, त्यामुळे सगळे त्यांना पाठीमागे 'लवकरच' म्हणत. शिपायाने एकदा त्यांना तोंडावरच "या, लवकरच साहेब" म्हटल्याचं सांगतात. मी ते प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, म्हणून त्याची खात्री देत नाही.

"इशारे किती यायला हवे होते?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"जुन्या वॉर्डच्या अनुभवानुसार, अशा रुग्णांत वीस खाट-दिवसांना साधारण एक बिघडतो. आठ खाटा, चौदा दिवस. पाच-सहा इशारे अपेक्षित होते. आला एकही नाही. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता दोनशेसत्तरात एक आहे."

"मग आपण नशीबवान," लवकरच साहेब म्हणाले, आणि कोणाचा तरी फोन आल्यासारखे बाहेर गेले. फोन वाजलेला नव्हता.

यंत्रणा बांधणारा अभियंता कोपऱ्यात बसला होता. तो हुशार होता, आणि हुशार माणसाला अडचण आधी कळते तशी त्यालाही कळलेली असावी. पण बोलायची पाळी दुसऱ्याची, अशा समजुतीने तो गप्प होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, इशाऱ्याची मर्यादा थोडी खाली आणू का? मग येतील लाल."

"किती खाली?"

"तुम्ही म्हणाल तेवढी."

ज्या मोजमापाची मर्यादा 'तुम्ही म्हणाल तेवढी' असते, त्याने काय मोजलं जातं हा प्रश्नच असतो.

वॉर्डातल्या सिस्टर औषधांची ढकलगाडी घेऊन आल्या. त्यांना मी विचारलं, या दोन आठवड्यांत कोणी गंभीर झालं होतं का.

"झाले की. पाच जण," त्या सहज म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलावलं, दोघांना अतिदक्षतेत हलवलं. आता बरे आहेत सगळे."

"पडद्यावर काही दिसलं नाही?"

"सासूबाईंना?" सिस्टर पडद्याकडे बघून हसल्या. नर्सेसनी यंत्रणेचं हे नाव ठेवलं होतं, कारण ती रात्रंदिवस बघत असते. "त्या नुसत्या बघतात, मॅडम. बोलत काही नाहीत. सासू बोलत नसली की जास्त धास्ती वाटते, नाही का?"

पाच रुग्ण बिघडले होते. पाचही नर्सेसनी ओळखले होते. यंत्रणेने एकही नाही. आणि कागदोपत्री हीच यंत्रणा उत्कृष्ट होती. बरा राहणारा आणि बिघडणारा अशी दोन रुग्णांची जोडी तिच्यासमोर ठेवली, तर शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी वेळा ती बिघडणारा बरोबर दाखवत असे. ती शिकली होती जुन्या रुग्णालयाच्या चाळीस खाटांच्या शस्त्रक्रिया वॉर्डातल्या तीन वर्षांच्या नोंदींवरून. त्या नोंदी वर्षापूर्वी मीच तपासल्या होत्या आणि शेरा लिहिला होता: 'अपवादात्मक स्वच्छ. एकही जागा रिकामी नाही.' खऱ्या माणसांनी भरलेल्या तक्त्यात रिकाम्या जागा असतातच. त्या नाहीत हे बघून मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान, कारण तो वॉर्ड माझ्या वहिनीचा होता.

मी खोलीत जाऊन त्या नोंदी पुन्हा उघडल्या. एक लाख एकाहत्तर हजार ओळी. या वेळी मी फक्त श्वासाचा रकाना बघितला. माणूस मिनिटाला किती श्वास घेतो हे वय, वेदना, झोप, ताप यांवर अवलंबून असतं. आकडे पसरलेले दिसायला हवेत. इथे शंभरातल्या एकाहत्तर ओळींत एकच आकडा होता. अठरा. नंतर सोळा टक्के ओळींत वीस. तरण्या मुलाचा अठरा, ऐंशीच्या म्हाताऱ्याचा अठरा, झोपलेल्याचा अठरा, नुकत्याच जिना चढून आलेल्याचाही अठरा.

वर्षापूर्वी या रकान्याची सरासरी मी काढली होती. ती अगदी योग्य आली होती.

*

वहिनी मला दुपारी जुन्या वॉर्डाच्या ड्युटी रूममध्ये भेटली. दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. ती तक्त्यात कोणाची तरी रजा भरत होती. रुग्णालयात सगळे तिला 'मोठ्या सिस्टर' म्हणतात. मीही चारचौघांत 'तुम्ही' म्हणते. मी अकरा वर्षांची असताना ती आमच्या घरात आली, आणि माझ्या प्रत्येक 'कशावरून?'ला उत्तर देऊन दमल्यावर पहिल्याच महिन्यात तिने माझं नाव शंकासूर ठेवलं. पुढे वेळ वाचवायला त्याचं 'शंके' झालं.

एकतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस या वॉर्डाची प्रमुख म्हणून. गावात नर्सिंग महाविद्यालय हवं म्हणून ती अकरा वर्षं अर्ज करत होती. संसार आणि पाळ्या सांभाळून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पदव्युत्तर पदवी घेतली होती. आता प्राचार्यपदासाठी तिचं एकटीचं नाव पुढे गेलं होतं. चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. त्याआधी परवानगी आली तर आणखी पाच वर्षं प्राचार्य, नाही आली तर घरी. मधला मार्ग नियमात नव्हता.

"काय गं शंके, जेवलीस का? तोंड का असं?"

"वहिनी, श्वास कसे मोजता तुम्ही लोक?"

"नाकाने घेतात, आम्ही छातीकडे बघून मोजतो. हे विचारायला एवढ्या उन्हाची आलीस?"

"सगळे अठरा कसे?"

तिचा हात तक्त्यावर थांबला. पेनाचं टोपण तिने सावकाश लावलं.

"दार लाव," ती म्हणाली.

मी लावलं.

"चाळीस खाटा. पाळीला तीन पोरी. दिवसातून चार फेऱ्या. एका माणसाचे श्वास नीट मोजायचे तर पूर्ण मिनिट उभं राहायला लागतं, आणि तेही त्याला न कळता, नाहीतर तो श्वास धरतो. चाळीस मिनिटं नुसती श्वासाला. मग औषधं कोण देणार, ड्रेसिंग कोण करणार? तुझं संख्याशास्त्र?"

"म्हणजे मोजत नाही."

"मोजतो ना. ज्याचे मोजायचे त्याचे मोजतो."

"कोणाचे मोजायचे हे कसं ठरतं?"

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला पोळी गोल कशी होते हे विचारलं होतं. "दिसतं. तोंड कसं आहे, उशीवर कसा पडलाय, काल बडबडत होता तो आज गप्प का. तो आवडला नाही की फेरी असो नसो, मी परत जाते. मग उभी राहते मिनिटभर. तो आकडा खरा असतो. बाकीचे अठरा."

"हे खोटं लिहिणं आहे, वहिनी."

"शब्द जपून वापर." ती उठून उभी राहिली. "खोटं काय? एकोणीस वर्षांत या वॉर्डात बघितलं नाही म्हणून दगावलेला एक माणूस दाखव. अठरा म्हणजे मी बघितलाय, बरा आहे. माझ्या पोरींना कळतं, डॉक्टरांना कळतं. तुला आणि तुझ्या सासूबाईंना कळत नसेल तर आम्ही काय करायचं?"

मी दार उघडलं. ती चिडली म्हणून मी निघाले असं तिला वाटलं असावं. खरं कारण वेगळं होतं: यंत्रणा काय शिकली असेल ते मला त्या क्षणी दिसलं होतं, आणि ते सिद्ध करायला एक दिवस पुरेसा होता.

*

बुधवारी सकाळी मी तीन चाचण्या घेतल्या. पहिलीत सगळी माहिती ठेवली: शंभरात अठ्ठ्याऐंशी. दुसरीत प्रत्येक रुग्णाचे सगळे शारीरिक आकडे, नाडी, ताप, श्वास, पुसून टाकले आणि फक्त नोंद किती वाजता झाली एवढंच ठेवलं. शरीराबद्दल काहीही माहीत नसताना यंत्रणेचे गुण आले शहाऐंशी. तिसरीत उलट केलं: आकडे ठेवले, वेळा पुसल्या. अठ्ठावन्न. नाणं उडवलं तरी पन्नास येतात.

यंत्रणेने तीन वर्षांच्या नोंदींत एकाही रुग्णाकडे बघितलं नव्हतं. तिने नर्सेसकडे बघितलं होतं. ठरलेल्या चार वेळा सोडून पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी नोंद झाली, म्हणजे कोणीतरी अस्वस्थ होऊन त्या खाटेपाशी परत गेलं होतं. एवढंच ती शिकली आणि तेवढ्यावर उत्कृष्ट ठरली. नव्या वॉर्डात नर्सनी लिहायचंच नाही, असा नियम होता. यंत्र दर मिनिटाला, सगळ्यांची सारखी नोंद घेणार. कोणी परत गेलं तरी त्याची नोंद होत नव्हती. त्यामुळे यंत्रणेच्या लेखी कोणीच आजारी नव्हतं.

अधिष्ठात्यांनी तिन्ही आकडे दोनदा वाचले. ते मूर्ख नव्हते.

"दुरुस्त होईल?"

"होईल. खऱ्या मोजलेल्या नोंदी जमवाव्या लागतील. दीड वर्ष."

"तुम्ही असं लिहा," ते म्हणाले, "की मर्यादित परिस्थितीत समाधानकारक. यात खोटं काय आहे? जुन्या वॉर्डाच्या परिस्थितीत ती समाधानकारकच आहे. परवानगी येऊ दे, पहिल्या वर्षी आपण नर्सना शेजारी ठेवू, कोणाला धोका नाही. यंत्रणा लवकरच..." ते थांबले. आपलं टोपणनाव त्यांना माहीत असावं. "साठ मुलींनी अर्ज केलेत. यंदा नाही मिळाली तर शासन ही इमारत दुसऱ्याच कशाला तरी देईल. आणि तुमच्या घरातलीच व्यक्ती... मी काही बोलत नाही."

"बोललात."

"बरं, बोललो. उद्या दहा वाजता समिती येते. सही असेल तर असेल."

त्यांच्या बोलण्यातला एकही मुद्दा मला खोडता आला नाही. अडचण एवढीच होती, की प्रमाणपत्रावर छापील वाक्य असं होतं: 'ही यंत्रणा प्रशिक्षण व रुग्णसेवेसाठी विश्वासार्ह असल्याचे मी तपासून प्रमाणित करते.' त्यात परिस्थितीला जागा नव्हती. आणि सही न करण्याची कारणं लिहायची झाली, तर अठराचं कारण लिहावं लागणार होतं.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना मी वहिनीला सगळं सांगितलं. दादा पलीकडे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता. गेली दहा मिनिटं त्याने एकही चौकोन भरला नव्हता.

"म्हणजे ते मशीन माझ्या पोरींच्या काळजीवर पास झालं," वहिनी म्हणाली.

"हो."

"मग चांगलंच की." ती क्षणभर हसली, आणि मग ते हसू गेलं. "रिपोर्टात वॉर्डाचं नाव येणार?"

"नाव नाही. 'मूळ नोंदी जिथे झाल्या तो विभाग' एवढंच."

"विभाग एकच आहे, शंके. शेंबडं पोरही ओळखेल."

मी शेंगा सोलत राहिले.

"दुसरं काही कारण देता येणार नाही?" ती हळू आवाजात म्हणाली. मी तिला कधी कोणाकडे काही मागताना बघितलं नव्हतं. "ते संवेदक नीट बसले नाहीत. वायरी. नवीन इमारत आहे, काहीही असू शकतं. ते दुरुस्त होईपर्यंत तात्पुरती मंजुरी देतात असं ऐकलंय. माझं सोड. पण अकरा वर्षांनी हे दार उघडतंय गं."

"देता येईल. पण मग ते संवेदक बदलतील आणि यंत्रणा तशीच चालू करतील. आणि नर्सना वाटेल, मशीन बघतंय, आपण कशाला परत जा."

"माझ्या पोरी जातील."

"तुझ्या जातील. ज्या साठ जणी मशीनजवळच शिकतील त्या?"

दादा वर न बघता म्हणाला, "मी म्हणतो, दोघी एकदा शांत झोपा, सकाळी..."

"तू गप्प बस रे. आडवे चार, उभे पाच कर," वहिनी म्हणाली, आणि भाजीचं ताट उचलून आत गेली. आत भांडी जरा जास्तच जोरात वाजली. जेवताना ती माझ्याशी फक्त मिठापुरती बोलली.

*

समितीत तिघे होते. दोघांनी खिडक्या, अग्निशामक नळ्या आणि प्रसाधनगृहं मोजली. तिसऱ्या, अध्यक्षबाई, सत्तरीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी काहीच मोजलं नाही, थेट प्रात्यक्षिक वॉर्डात येऊन खुर्ची मागितली आणि माझी दोन पानं वाचायला घेतली. प्रमाणपत्राच्या जागी मी ती दोन पानं दिली होती. शेवटी सही होती, पण नकारावर. लवकरच साहेब भिंतीला टेकून उभे होते. अभियंता पडद्याकडे बघत होता. वहिनी पांढऱ्या साडीत, प्राचार्यपदाची उमेदवार म्हणून, खाटांच्या रांगेशेजारी.

अध्यक्षबाईंनी दुसरं पान उलटं ठेवलं. "हे अठरा. कोणत्या विभागातले?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, खरं आणि अपुरं.

"माझ्या," वहिनी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी तिला जवळ बोलावलं. "या सहाव्या खाटेवरच्यांचे मोजून दाखवता?"

सहाव्या खाटेवर एक शिंपी होता, पित्ताशय काढून तीन दिवस झालेले. वहिनीने त्याच्या मनगटावर, पट्टा सोडून, नाडी बघायला ठेवावीत तशी बोटं ठेवली, म्हणजे त्याचं लक्ष हाताकडे जाईल, आणि नजर छातीवर. दुसऱ्या हातात घड्याळ. पूर्ण एक मिनिट. इतक्या माणसांनी भरलेल्या खोलीत एक मिनिट किती लांब असतं, याची मला कल्पना नव्हती. अधिष्ठात्यांनी दोनदा पाय बदलला. शिंपी छताकडे बघत होता. सगळे आपल्या नाडीसाठी एवढे गंभीर का झालेत, हे त्याला कळत नसावं.

"एकवीस," वहिनी म्हणाली.

पडद्यावर एकवीसच होते. अभियंत्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"ठीक. आता हा तुमचा जुना वॉर्ड आहे असं समजा. बारा वाजताची फेरी. तक्त्यात काय लिहाल?"

मला वाटलं, एकवीस म्हण. नुकतेच मोजलेस, खरं आहे, एकवीस म्हण. मी हे इतक्या तीव्रतेने मनात म्हणत होते, की ओठ हलले असतील.

वहिनीने शिंप्याकडे बघितलं. त्याच्या चादरीची सुरकुती सरळ केली. "अठरा," ती म्हणाली.

"का?"

"हे बरे आहेत. दुखतंय म्हणून जरा भराभर घेतात, संध्याकाळपर्यंत कमी होईल. यांच्याकडे मला पुढच्या फेरीआधी परत यायला नको. मला जायचंय त्या दोन नंबरच्या आजोबांकडे. ते सकाळपासून पाणी मागत नाहीत."

सगळ्यांनी दुसऱ्या खाटेकडे बघितलं. तिथला चौकोन हिरवा होता. तो पुढेही हिरवाच राहिला. आणि आजोबांना त्या दिवशी काहीच झालं नाही, हेही नोंदवलं पाहिजे. वहिनी चुकूही शकते. फरक एवढाच, की ती परत जाऊन बघते.

"आणि हे," अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, "तुम्ही विद्यार्थिनींना शिकवाल?"

अधिष्ठात्यांनी पुढे होऊन काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. अध्यक्षबाईंनी नुसता हात वर केला.

"शिकवलंय," वहिनी म्हणाली. "एकतीस वर्षं. मोजायचं कसं तेही शिकवलं आणि कोणाचं मोजायचं तेही. न मोजता लिहायचं, ते शिकवायला लागलं नाही, माझं बघून शिकल्या. ते चुकलं. चार पोरी जास्त द्या म्हणून मी भांडायला पाहिजे होतं. मी अठरा लिहिलं आणि काम भागवलं. काम भागलं म्हणून चार पोरी कधी मिळाल्या नाहीत."

अध्यक्षबाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग त्यांनी वहिनीचे आभार मानले, माझे मानले नाहीत, आणि समिती पाणीपुरवठ्याची टाकी बघायला गच्चीवर गेली.

*

पत्र नवव्या दिवशी आलं. अधिष्ठात्यांनी त्याची प्रत माझ्या हातात ठेवली आणि ते खोलीतून निघून गेले. दुपारी मी ते घरी आणलं. वहिनीची दुपारची पाळी होती. ती केस बांधत होती. त्या नऊ दिवसांत ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली होती.

"वाच," ती म्हणाली. "माझा चष्मा आत आहे."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी वाचलं. नर्सिंग महाविद्यालयाला याच वर्षी परवानगी, साठऐवजी चाळीस जागा. वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय पुढच्या वर्षी. यंत्रणा शिकवण्यासाठी किंवा रुग्णांसाठी वापरायची नाही. नोंदी नव्याने जमवून पुन्हा तपासणी करायची, आणि त्या जमवताना नर्स फेरीशिवाय परत का गेली, हेही तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं. चाळीस रुग्णांमागे पाळीला सात नर्सेस असल्याशिवाय विद्यार्थिनींना वॉर्डात पाठवू नये. शेवटचं कलम मी जरा भराभर वाचलं: प्राचार्यपदी, मूळ नोंदींशी संबंध नसलेल्या व्यक्तीची नेमणूक करावी.

"सात?" वहिनीने विचारलं.

"सात."

"आम्ही तीनवर काढली वर्षं." तिने केसांत शेवटचा आकडा खोचला. "आणि चाळीस मुली."

"हो."

"आणि मी नाही."

"नाही."

ती खुर्चीवर बसली. पत्र माझ्या हातातून घेतलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते शेवटचं कलम स्वतः वाचलं, बोट ठेवून, दोनदा.

"शंके, ऐक. तू सही केली असतीस तर मी तुझं तोंड बघितलं नसतं. आणि नाही केलीस, तर नऊ दिवस तुझ्याशी बोलवत नाही. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं एक पुसून काय गुण येतात ते तूच बघ, मला जमत नाही."

मलाही जमलं नाही. मी उभी राहिले. माफी मागावी असं वाटलं, पण नेमकी कशाची मागायची ते ठरेना. चुकीची माफी तिला कळली असती.

"नवी बाई कोण येणार?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बाहेरची असेल."

"कोणी का असेना. तिला सांग, माझे चार महिने आहेत अजून. मुली जून संपायच्या आत आल्या तर माझ्या वॉर्डात पाठव म्हणावं. चाळीस जणी काही मावायच्या नाहीत, आठ-आठ पाठव." पत्र माझ्याकडे देऊन ती उठली, पायात चपला घातल्या. "आणि जून उलटला तर नको पाठवू. मग मी तिथे कोणी नसेन."

परवानगीच्या पत्रावर सत्र सुरू होण्याची तारीख असते. ती मी वाचलेली नव्हती. वहिनी दार ओढून घेऊन गेली, आणि मी ते पान पुन्हा उघडून पहिल्या ओळीपासून वाचू लागले.